दिव्याबाहेरची वाट

ऑपरेशन थिएटरमध्ये दोन सिस्टर असतात. एक उभी राहते, दुसरी चालते. उभी राहणारी हात धुऊन, गाऊन आणि ग्लोव्हज चढवून टेबलाशी येते आणि शेवटचा टाका पडेपर्यंत तिथून हलत नाही. तिचे हात कमरेच्या वर, छातीच्या पुढे. खांद्यामागच्या कशालाही ती शिवू शकत नाही. चालणारीला आम्ही फ्लोअर सिस्टर म्हणतो. ती निर्जंतुक नसते, म्हणून खोलीतलं बाकी सगळं तिच्याकडे. धाग्याचं पाकीट सोलून धरायचं, भरलेली सक्शनची बाटली बदलायची, कॉटरीचा आकडा वाढवायचा, दिवा वळवायचा, रक्तपेढीला फोन लावायचा, सर्जनच्या कपाळावरचा घाम टिपायचा, मॉप मोजायचे आणि फळ्यावर मांडायचे. टेबलावरून एक हात पुढे येतो आणि त्यात हवी ती वस्तू पडते. ती कुठून आली हे त्या हाताला बघावं लागत नाही, आणि लागूही नये.

मी दोन्ही कामं केली. पण वर्षं गेली ती जास्त करून चालण्यात, आणि मला वाटतं, खोली खरी कळते ती चालणारीलाच. उभ्या माणसाला टेबल कळतं. चालणारीला कपाटाचा कुठला कप्पा अडकतो ते कळतं, कुठल्या फरशीवर वायर आडवी पडलेली असते ते खाली न बघता कळतं, दार ढकलल्यावर परत यायला किती वेळ घेतं ते पाठीला कळतं. दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू झालं की वरचे दिवे मालवतात. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर, खोलीत निळसर अंधार, आणि त्यात आवाज येतो, ‘सिस्टर, गॅस संपत आला.’ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बहुधा दुर्बिणीच्या यंत्रांच्या टॉवरच्या मागे, भिंतीला चिकटून. पाना कुठे टांगलाय ते हातानेच शोधायचं. पित्ताशयाच्या केसला हा टॉवर पेशंटच्या उजव्या खांद्याकडे लागतो. पाठोपाठ अपेंडिक्सची केस असली तर तोच सगळ्या वायरी घेऊन उजव्या पायाकडे न्यायचा. दोन केसेसच्या मधल्या थोड्या वेळात खोलीच वळवून ठेवायची असते. खोली वळायला तयार असली तर वळते, नसली तर आपण वळतो.

नव्याने आलेल्या मुलीला वाटतं, टेबलाच्या चारही बाजूंनी जाता येतं. डोक्याकडची बाजू भूलतज्ज्ञांची. तिथे भुलेचं बॉईल्स मशीन, श्वासाच्या नळ्या, औषधांची ट्रॉली, मॉनिटर. तिथून घाईने कुणी जायचंच नसतं, एखादी नळी हिसकली तर श्वासाशी गाठ. डाव्या-उजव्या अंगाला सर्जन आणि असिस्टंट, त्यांच्या गाऊनपासून हातभर लांब राहायचं. पायाकडे स्क्रब सिस्टर आणि तिच्या ट्रॉल्या. दोन निर्जंतुक जागांच्या मधून जायचं नाही हा तर पहिल्या आठवड्यातला धडा. राहता राहते भिंतीलगतची एक वाट. तिच्यात हाडाच्या केससाठी एक्स-रेचा सी-आर्म आणून उभा केला की तीही जाते, मग अंगावरच्या शिशाच्या एप्रनसकट, पोट आत ओढून, भिंतीला पाठ घासत पलीकडे जायचं. सी-आर्म नसेल त्या दिवशी त्या वाटेने सातवा महिना लागलेली सिस्टरही जाते. तिला पोट आत ओढता येत नाही.

ही खोली कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बांधली गेली, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. लंडनमध्ये सेंट थॉमस चर्चच्या माळ्यावर १८२२ सालची एक शस्त्रक्रियेची खोली आजही जपून ठेवली आहे. तिची चित्रं पाहताना सगळ्यात आधी दिसतात त्या विद्यार्थ्यांसाठीच्या लाकडी पायऱ्या, अर्धगोल, एकावर एक. मधे लाकडी टेबल, वर आभाळाकडे उघडणारं काचेचं छप्पर, टेबलाखाली रक्त शोषायला भुशाची पेटी. भुलेचा शोध लागायचा होता, त्यामुळे सगळं झटपट उरकायचं. खोलीची सारी घडण बघणाऱ्यांसाठी. उजेड बघण्यासाठी, चढण बघण्यासाठी. बाई त्या खोलीत यायची ती पेशंट म्हणून, कारण शेजारीच बायकांचा वॉर्ड होता.

फिलाडेल्फियाचा चित्रकार टॉमस एकिन्स याची दोन मोठी चित्रं या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटतात. १८७५ च्या चित्रात डॉ. सॅम्युएल ग्रॉस काळ्या कोटात शस्त्रक्रिया शिकवताहेत. त्या दृश्यात डोळ्यांत भरणारी बाई एकच, आणि ती तोंड झाकून घेते आहे. ती पेशंटची आई असावी असं मानतात. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८९ मध्ये, त्याच चित्रकाराने डॉ. अॅग्न्यू यांचं चित्र काढलं. आता कपडे पांढरे झाले आहेत, कारण जखमा जंतूंपासून जपायला हव्यात हे सर्जन लिस्टरचं म्हणणं मधल्या काळात लोकांना पटू लागलं होतं. आणि टेबलालगत एक नर्स ताठ उभी आहे, टोपी आणि एप्रन घातलेली. तिचं नाव मेरी क्लायमर. तोंड झाकणाऱ्या बाईच्या जागी उभी राहून पाहणारी बाई आली, हा एवढा मोठा बदल त्या चौदा वर्षांत झाला. पण खोलीची घडण तीच राहिली. पायऱ्या तशाच, बाके तशीच. बाईला उभं राहायला जागा मिळाली, चालायला वाट कुणी आखली नाही.

पुढे चालणं वाढत गेलं, आणि ते कसं वाढलं याची गोष्ट मला फ्रँक गिलब्रेथ या माणसाच्या कामात सापडते. हा मूळचा गवंडीकाम करणारा अमेरिकन. वीट उचलायला गवंडी दर वेळी वाकतो हे पाहून त्याने विटांचा मचाण वर-खाली करता येईल असा केला, आणि पुढे बायको लिलियनच्या साथीने माणसाच्या हालचालींचा अभ्यास हेच आयुष्यभराचं काम केलं. १९१० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी शस्त्रक्रियांचं चित्रीकरण केलं. त्यांना दिसलं की सर्जनचा पुष्कळ वेळ हत्यारं शोधण्यात जातो. तेव्हा उपाय निघाला: सर्जनने नजर काढायची नाही, हात पुढे करायचा, कुणीतरी नेमकं हत्यार तळहातावर ठेवायचं. आज जगभर हीच रीत आहे आणि ती रास्त आहे. उघड्या पोटावरून नजर हटू नये हे मलाही पटतं. पण वाचलेली हालचाल नाहीशी झाली नाही. सर्जनच्या हातातून ती स्क्रब सिस्टरच्या हातात आली, तिच्याकडून फ्लोअर सिस्टरच्या पायांत उतरली. पुढे यंत्रं आली, कॉटरी आली, दुर्बीण आली, सी-आर्म आला. प्रत्येकाने टेबलावरचं काम थोडं सोपं केलं आणि टेबलाबाहेरचं थोडं वाढवलं. वाढलेलं कुणी मोजलं नाही, कारण ते दिव्याबाहेर होतं.

नर्सचं हे चालणं मात्र याही आधी एका बाईने ओळखलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धावर गेली त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ मध्ये, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची जबाबदारी तिच्याकडे यायची होती. रुजू व्हायच्याही आधी तिने तिथल्या समितीतल्या बाईंना पत्र लिहून बांधकामाच्या मागण्या कळवल्या. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर आलं पाहिजे. जेवण वर चढवायला रहाट पाहिजे. घंटा अशी हवी की कुणी वाजवली ते सिस्टरला दुरून दिसेल. आणि कारण काय दिलं, तर ही सोय नसली तर नर्स म्हणजे नुसती पायांची जोडी होऊन जाते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. दिवा घेतलेली बाई म्हणून आपण तिला शाळेत शिकलो, शपथ घेताना मेणबत्त्या पेटवल्या. नळ, रहाट आणि घंटा मागणारी नाइटिंगेल आम्हाला कुणी शिकवली नाही. मला तर ती दिव्यापेक्षा मोठी वाटते. सेवाभावाचं कौतुक करून न थांबता तिने पाइपलाइन मागितली.

पायांची जोडी होण्यात नुकसान काय, असं कुणी विचारील. दमणूक तर होतेच. घोट्यांवर सूज, संध्याकाळी चपलेत न मावणारे पाय, चाळिशीत फुगलेल्या शिरा, हे आमच्या प्रत्येकीचं आहे. पण नाइटिंगेलचं दुखणं वेगळं होतं आणि माझंही तेच आहे. पाय चालत असतात तेव्हा डोळे पेशंटवर नसतात.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीला होते तेव्हाची रात्र सांगते. सिझेरियन. बाळ रडलं, बालरोगतज्ज्ञांनी वॉर्मरवर घेतलं, सगळ्यांनी श्वास सोडला आणि तेवढ्यात गर्भाशय आकसेना. रक्त थांबेना. डॉक्टर मॅडम दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या. ऑक्सिटोसिन चालू होतं, भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘सिस्टर, मेथर्जिन आणा, कार्बोप्रोस्टही काढून ठेवा.’ ही औषधं थंडाव्यात ठेवावी लागतात, दोन ते आठ अंशांत. फ्रिज होता रिकव्हरीच्या खोलीत, कॉरिडॉर ओलांडून, दोन दारांपलीकडे. तिथेच का, तर तिथे प्लग पॉइंट होता. रात्रपाळीला फ्लोअरवर मी एकटी. मी गेले, आणले, दिले. परत येऊन मॉप मोजू लागले, रक्तपेढीला फोन लावला, पुन्हा औषधाला गेले. आई वाचली, बाळही खणखणीत. पण त्या रात्रीनंतर मला एकच गोष्ट टोचत राहिली. जेव्हा त्या खोलीत माझी सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. कुणी चुकलं नव्हतं. भिंतीतला एक प्लग चुकीच्या जागी होता.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी थिएटर्सना त्यांच्यासारख्या बायकांनी वळण लावलं. सकाळी त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी फार काही विचारलं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं, थिएटरच्या आत दाराशेजारी बोट ठेवलं आणि त्यांच्या खास मराठीत म्हणाल्या, ‘इथे पॉइंट कर. फ्रिज औषधाच्या हाताजवळ पाहिजे.’ तो पॉइंट मिळायला अर्ज, मंजुरी, पुन्हा अर्ज असं बरंच झालं. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वायर भिंतीवरून ओढून नेलेली, दिसायला कुरूप. मला ती वायर त्या इमारतीतली सगळ्यात चांगली रचना वाटायची.

अशा वेळी मनात येतं, घरी स्वयंपाकाचा ओटा बांधताना मिस्त्रीसुद्धा बाईला विचारतो, ‘ताई, उंची किती ठेवू?’ थिएटर बांधताना आम्हाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. टेबलाची उंची सर्जनच्या कोपरावर ठरते. ते योग्यच. मग स्क्रब सिस्टर बुटकी असली तर पायाखाली स्टेप घेते आणि त्या अरुंद पत्र्यावर चार-चार तास उभी राहते. वरच्या फळीवरचा निर्जंतुक कपड्यांचा ड्रम काढायला फ्लोअर सिस्टर टाचा उंचावते, आणि ड्रम भरलेला असतो.

थिएटरचा नकाशा मी अलीकडे नीट वाचायला शिकले. त्यात एक गोष्ट फार सुंदर असते, हवेचे बाण. स्वच्छ गाळलेली हवा टेबलाच्या वरून संथ खाली उतरते, पेशंटवरून बाहेरच्या अंगाला सरकते आणि कोपऱ्यांत, फरशीच्या जरा वर बसवलेल्या जाळ्यांतून निघून जाते. आत दाब किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत शिरू नये. आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं गणित वीस फूट बाय वीस फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरून मांडलंय. तासाला किमान वीस वेळा हवा बदलायची, तापमान एकवीसच्या आसपास. हवेवर एवढी मेहनत व्हायलाच हवी. इंग्लंडात राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात खुब्याचे सांधे बदलताना शुद्ध हवेची बंदिस्त जागाच टेबलाभोवती उभी केली आणि जखमा पिकण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आणलं. पेशंटच्या जिवासाठी कुणीतरी हवेच्या मागे वर्षानुवर्षं लागलं, याचा मला आदरच वाटतो.

पण त्याच नकाशात बाईचे बाण नसतात. आणि ती गैरहजेरी शेवटी हवेलाच भोवते. धाग्यांचं कपाट कॉरिडॉरमध्ये असेल तर ‘सिस्टर, टू झिरो प्रोलीन’ म्हटल्याबरोबर दार उघडतं. उघडलं की आतला दाब पडतो. पुन्हा आत येताना उघडतं. मोठ्या केसला असं किती वेळा होतं ते विचारू नका. ट्रॉल्यांना, स्टँडना, रिकाम्या बादल्यांना जागा ठेवलेली नसली की त्या जातात कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातच ती हवा बाहेर नेणारी जाळी असते. नकाशावरचा सुंदर बाण एका बादलीला येऊन अडतो. दोन्ही रस्ते एकाच खोलीतले आहेत, एक सोडून दुसरा आखता येत नाही. इंजिनिअर लोकांना हे मी सांगितलं की ते ऐकतात. बहुतेकांनी चालू थिएटर कधी आतून पाहिलेलंच नसतं. सांगणारं कुणी हवं.

अमेरिकेत साऊथ कॅरोलायनामध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे रीतसर केलं. शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करून त्यांनी खोलीचे भाग पाडले आणि फ्लोअर सिस्टर कुठून कुठे जाते, कुठे अडते, कुठे वळसा घेते हे नकाशावर उतरवलं. गिलब्रेथचा कॅमेरा शंभर वर्षांनी टेबलावरून उचलून भिंतीलगतच्या वाटेवर लावला, असं मला ते वाचताना वाटलं. त्यांनी नवी खोली सुचवली तेव्हा टेबल भिंतीला समांतर न ठेवता तिरकं लावलं. आणि बांधण्यापूर्वी फरशीवर टेप चिकटवून, पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून, डॉक्टर-नर्सेसना त्यात खोटी खोटी ऑपरेशनं करायला लावली. पुठ्ठा हलवायला काही लागत नाही. भिंत हलवायला पुढची तीस वर्षं लागतात, म्हणजे ती हलतच नाही.

त्यांच्या कामातला एक मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, सिस्टरचं लिहायचं टेबल. आमच्याकडे आधी रजिस्टर होतं, आता कंप्यूटर आला. दोन्ही भिंतीला लावलेले, म्हणजे लिहिताना पेशंटकडे पाठ. मग आपण कानांनी बघतो. पल्स ऑक्सिमीटरचा टिक-टिक आवाज प्राणवायू उतरला की खालच्या सुरात जातो. अर्ध्या सुराने खाली आला तरी थिएटरमध्ये मुरलेल्या सिस्टरचं पेन थांबतं. सक्शनच्या बाटलीत रक्त पडताना वेगळा आवाज होतो आणि धुण्याचं पाणी पडताना वेगळा. असिस्टंटने श्वास रोखला तर मास्कच्या आतून तोही ऐकू येतो. हे शिकवून येत नाही, वर्षांनी येतं, आणि त्यावर माझं मनापासून प्रेम आहे. पण लिहायचं टेबल जरा वळवलं, तोंड पेशंटकडे केलं, तर कानांना डोळ्यांची साथ मिळेल. त्याला पैसेही लागत नाहीत. एक पॉइंट लागतो.

तसाच तो मोजणीचा फळा. मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात. आत गेलेला प्रत्येक फळ्यावर चढतो, बाहेर आलेला खाली मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एकोणीस मुद्द्यांची यादी दिली, तिच्यात पेशंट खोलीबाहेर जाण्यापूर्वी नर्सने मोजणी पुरी झाल्याचं मोठ्याने सांगायचं आहे. ‘सर, काउंट करेक्ट’ हे तीन शब्द. ते उच्चारण्याआधी दोन बायकांची नजर एकाच फळ्यावर पडावी लागते, उभी असलेलीची आणि चालणारीची. फळा स्क्रब सिस्टरच्या पाठीमागे टांगला असेल तर तिला मान वळवावी लागते, ट्रॉलीवरून नजर काढावी लागते. मी ज्या ज्या थिएटरमध्ये गेले तिथे आधी फळा कुठे आहे ते पाहिलं. तो फळा समोर असेल तर त्या जागी कुणा सिस्टरचं ऐकलं जातं, एवढं मला आत शिरताच कळायचं.

ऐकलं गेलं की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण बाल्टिमोरचं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची नर्स शस्त्रक्रियेला मदत करायची. हात धुवायच्या पाऱ्याच्या द्रावणाने तिचे हात सोलवटून निघाले. ती काम सोडायच्या बेतात होती. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीला पातळ रबराचे हातमोजे बनवायला सांगितलं, तिच्या मापाचे. (पुढल्या वर्षी दोघांनी लग्न केलं, म्हणून ही गोष्ट लोक प्रेमकथा म्हणून सांगतात. मला ती कामाच्या ठिकाणची गोष्ट म्हणून जास्त मोलाची वाटते.) तिच्या हातांसाठी आलेले मोजे हळूहळू सगळ्यांनी घातले आणि पेशंटच्या जखमा त्यामुळे पिकायच्या थांबू लागल्या. एका नर्सच्या दुखण्याकडे लक्ष दिलं, त्यातून सगळ्या जगाच्या शस्त्रक्रियेला संरक्षण मिळालं. थिएटरच्या भिंतींबाबतही असंच घडेल याची मला खात्री आहे.

खिडकीबद्दल मी फारसं बोलत नाही, कारण निर्जंतुक खोलीला खिडकी मागणं हट्टाचं वाटतं. पण पावसाळ्यात आत जाताना ऊन असतं आणि बाहेर येताना रस्ते वाहत असतात, मधलं सगळं आभाळ आपल्या वाट्याला आलेलंच नसतं. श्रावणातले कितीतरी दुपारचे शिडकावे मी फक्त बाहेरच्या ओल्या फरशीवरून ओळखले आहेत. थिएटरच्या आत नको, निदान स्क्रबच्या जागी, हात धुताना डोळ्यांसमोर काच असावी. तीन-चार मिनिटं हात धुवायचे असतात. तेवढ्यात पाऊस दिसला तर माणूस ताज्या मनाने आत येतो.

सध्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नव्या थिएटर्सचं काम निघालं आहे आणि त्यांनी मला बसायला बोलावलं. कागदावर बोलणं मला जमेना, म्हणून आम्ही पार्किंगच्या रिकाम्या जागेत खडूने वीस बाय वीसचा चौकोन आखला. टेबल म्हणून एक स्ट्रेचर. भूलतज्ज्ञांची जागा, ट्रॉल्या, टॉवर, वॉर्मर सगळं खोक्यांनी मांडलं. मग थिएटरच्या मुलींना सांगितलं, सिझेरियन सुरू आहे, चाला. आर्किटेक्ट बाजूला उभे होते. एक मुलगी औषधाला निघाली आणि वॉर्मरच्या खोक्याला अडली. तिने ते पायाने सरकवलं. आर्किटेक्टनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसरी वळसा घालून आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुम्ही सरळ का नाही आलात?’ ती म्हणाली, ‘सर, मधे स्टेराइल आहे.’ मधे तर मोकळी फरशी होती. ते काही क्षण त्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिले, मग वाकून त्यांनी तिथे खडूने आडव्या रेघा मारल्या.

त्या एका सकाळी वॉर्मर दुसऱ्या कोपऱ्यात गेला, हवेची जाळी मोकळी राहिली, लिहायचं टेबल वळलं. फळा स्क्रब सिस्टरच्या समोर आला. धाग्यांचं कपाट भिंतीत बसवायचं ठरलं, कॉरिडॉरकडून भरायचं आणि आतून काढायचं, दोन्हीकडे काचेची दारं, म्हणजे दार न उघडता काय संपलं ते दिसेल. फ्रिज आत. वायरी छतावरून उतरणाऱ्या पेंडंटमधून, फक्त तो कुठल्या अंगाला हवा यावर भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांच्यात अजून बोलणं चालू आहे. स्क्रबच्या काचेला अभियंत्यांनी आधी नाही म्हटलं, मग म्हणाले, बघतो.

एक कॉलम मात्र वाटेत येतो आहे. तो इमारतीचा आहे, काढता येत नाही. त्याच्या भोवतीने जायला किती जागा लागते ते आम्ही चालून पाहिलं. दिवसा फ्लोअरवर दोघी असतात तेव्हा निभतं. रात्री एकीलाच दोन्ही बाजू बघाव्या लागतात आणि तिची वाट वेगळी असते. म्हणून पुढच्या बैठकीला रात्रपाळीच्या मुलींना बोलवा असं मी सांगितलं आहे, आणि त्या दिवशीची त्यांची ड्युटी लावताना ही बैठकसुद्धा ड्युटीतच धरा, असंही.